तीनदा मेलेली झाडं

पालिकेची नोटीस आली तेव्हा कोळसाआत्या भट्टी पेटवायच्या तयारीत होती आणि पेटवणाला कागद कमी पडत होता. तिने पाकीट फोडलं, वरचा ‘वृक्षतोड’ एवढा एकच शब्द वाचला, “मेले कुठले!” म्हणाली आणि कागदाची घडी करून भट्टीच्या तोंडात सारली. कागद चांगला जाड होता. मस्त पेटला.

त्या कागदात सुनावणीची तारीख होती.

हे तिला कळलं तीन आठवड्यांनी, भाचा दारात येऊन उभा राहिला तेव्हा. हा तिच्या सख्ख्या भावाचा मुलगा. पस्तिशीचा, सरळमार्गी, पालिकेच्या उद्यान खात्यात पाहणी कारकून. गावाने तिला ‘कोळसाआत्या’ म्हणायला सुरुवात केली ती याच्यामुळेच; लहानपणी हा रस्त्यावरून “आत्याऽऽ” म्हणून हाका मारत यायचा, तेव्हापासून ती सगळ्यांचीच आत्या झाली. कोळसा तिच्या हाताला होताच.

“आत्या, तू सुनावणीला का नाही आलीस?”

“कसली सुनावणी?”

“नोटिशीत लिहिलं होतं की.”

“ती जळली.”

“जळली म्हणजे?”

“म्हणजे जाळली. आपोआप कशी जळेल, मेल्या?”

भाच्याने डोक्याला हात लावला. मग खिशातून दुसरा कागद काढला आणि हा भट्टीपासून लांब धरून वाचून दाखवला. रस्त्याकडेच्या पट्ट्यातली तीनशे सत्त्याऐंशी झाडं तोडून मारल्याचं पाहणीत आढळलं आहे. मालकीण सुनावणीला हजर राहिली नाही, सबब तिचं काही म्हणणं नाही असं धरलं आहे. येत्या सोमवारी सकाळी दहा वाजता मशीन लावून सगळी मेलेली खोडं मुळासकट उपटण्यात येतील आणि त्या जागी माननीय अध्यक्षांच्या हस्ते नवी रोपं लावली जातील.

“माझं काही म्हणणं नाही?” आत्या म्हणाली. “माझं? अख्ख्या गावाला विचार, कोळसाआत्याचं काही म्हणणं नाही असा एक दिवस तरी गेलाय का!”

आता हे रान काय प्रकरण आहे ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही त्या नव्या बंगल्यांतल्या लोकांसारखे हळहळत बसाल. रान आत्याच्या आजोबांपासूनचं, उतारावरचं. त्याचे बारा पट्टे पाडलेले. दर हिवाळ्यात एकच पट्टा कापायचा, बाकी अकरा उभे. झाड जमिनीपासून वीतभर ठेवून कापायचं, मूळ जागच्या जागी. उन्हाळ्याच्या तोंडाला त्या खोडातून फुटवे येतात, एकेका खोडाला आठ-आठ, दहा-दहा. बारा वर्षांनी त्यांची मांडीएवढी जाड खोडं होतात, तोवर पाळी फिरून परत त्याच पट्ट्यावर येते. ऊस तोडल्यावर बुडख्यातून पुन्हा येतो त्याला खोडवा म्हणतात ना? आत्याचे वडील या रानालाही खोडवाच म्हणायचे. वरचं लाकूड माणसाचं, मूळ झाडाचं, एवढा साधा करार. त्यातली कित्येक मुळं आत्याच्या आजोबांहून म्हातारी होती आणि अजून त्यांना दरसाल फुटायची हौस होती.

आणि कोळसा? तो तिथेच, रानाच्या कडेला. वाळवलेली लाकडं लोखंडी भट्टीत रचायची, पहाटे पेटवायची. धूर आधी पांढराफेक येतो, मग विरळ होतो, निळसर होतो, की झाकण मातीने लिंपून टाकायचं. दुसऱ्या दिवशी पोती भरायची. ती पोती जातात कुठे, तर उतारावरच्या लोहाराकडे आणि बाजारातल्या दोन खाणावळींत. हातगाडीने. जगातल्या कुठल्या बोटीला त्यासाठी समुद्र ओलांडावा लागत नाही.

घोटाळा एवढाच झाला, की या वर्षी पाळी आली ती नेमकी रस्त्याकडेच्या पट्ट्याची, आणि मागच्या पाळीला रस्त्यापलीकडे बंगले नव्हते. आता होते. सकाळी खिडकी उघडून पाहतात तो काय, काल रान होतं तिथे आज बुडखेच बुडखे! एकीला तर म्हणे रडू आलं. तक्रार गेली, पालिका हलली, पाहणी झाली आणि प्रत्येक बुडख्यावर लाल रंगाची फुली बसली.

“फुल्या मारल्या कोणी?” आत्याने विचारलं.

भाचा आपल्या बुटांकडे बघत राहिला.

“तू?”

“माझं कामच आहे ते, आत्या.”

“तुझ्या बापाचा जन्म गेला या रानात! तुला खांद्यावर बसवून मी फुटवे मोजायला शिकवले. तुला माहीत नाही का ही झाडं जिवंत आहेत?”

“मला माहीत आहे गं. फॉर्मला माहीत नाही.” त्याने फॉर्म काढून दाखवला. “दोनच रकाने आहेत बघ. झाड उभं असेल तर जिवंत, उभं नसेल तर मृत. खाली सूचनाच छापलीय. तिसरा रकाना कुठून आणू?”

“पेनने आखायचास.”

“नोकरी जाईल.”

“मग रान गेलं तर चालतंय होय रे तुला?” आत्याचा आवाज चढला. “एक पट्टा उपटला की पुढच्या वर्षी दुसरा. बारा वर्षांत बारा पट्टे साफ. या मुळांनी उतार धरून ठेवलाय. पहिल्या चार पावसांत सगळी माती वाहून त्या बंगल्यांच्या दिवाणखान्यात जाईल, तेव्हा काय त्यांच्या सोफ्यांवर फुल्या मारशील?”

बारा वर्षांपूर्वी भाच्याचे वडील गेले, तेव्हापासून त्याने रानात पाऊल टाकलं नव्हतं. आला तो थेट लाल रंगाचा डबा घेऊन. आत्याच्या मनाला हे जास्त लागलं. तक्रार, फुली, नोटीस यांच्याशी ती भांडू शकत होती. याच्याशी कशी भांडणार?

दुसऱ्या दिवशी ती पालिकेत गेली. नखातली काजळी घासली, पण निघाली नाही, तशीच गेली. अध्यक्ष माणूस वाईट नव्हता. त्याचं झाडांवर खरंच प्रेम होतं, हीच तर पंचाईत होती. टेबलावर कुंडी, भिंतीवर रोपं लावतानाचे सतरा फोटो, प्रत्येकात हातात तीच झारी.

“बसा बाई,” तो म्हणाला. “तुमच्या पोटावर पाय द्यायचा नाहीये आम्हाला. पण झाड तोडणं म्हणजे तोडणं.”

“तुम्ही केस कापता का हो?” आत्याने विचारलं.

“काय?”

“केस. कापता ना? मग तुमच्या घरचे रडतात का, मेलात म्हणून?”

बाहेरच्या शिपायाला खोकला आला. अध्यक्ष मात्र हसला नाही. “फॉर्मवर ‘मृत’ लिहिलेलं आहे. तुमच्याच भाच्याने.”

“त्याला मी जन्मल्यापासून ‘मेल्या’ म्हणतेय. मेला का तो?”

“बाई, हरकत घ्यायची वेळ सुनावणीची होती. तुम्ही आला नाहीत.”

आपली चूक तिला कळत होती आणि ती कबूल करायला तिची जीभ उचलत नव्हती. नाकावरचा राग एकेका वेळी असा आपलंच घर जाळतो. ती उठली आणि दारात थांबून म्हणाली, “सोमवारी मी तिथेच असेन.”

“या की,” अध्यक्ष म्हणाला. “सगळ्यांना आमंत्रण आहे. जेवणही आहे.”

जाता जाता ती उद्यान खात्यात डोकावली. भाचा कपाटाआड होता. “तुझ्या बापाने मागच्या पाळीला इथेच अर्ज भरला होता,” ती म्हणाली. “त्याआधीच्या पाळीला माझ्या बापाने. पाहणी तेव्हाही झाली होती. काढ ते कागद.”

“जुनं बाड काढायला वरची परवानगी लागते, आत्या.”

“बरं. मग राहू दे,” ती म्हणाली आणि निघून गेली. तिने एकदाही शिवी दिली नाही. भाच्याला दिवसभर चैन पडलं नाही.

सोमवार उजाडला. रस्त्याच्या कडेला मांडव, टेबल, टेबलावर पांढरी चादर, शंभरेक रोपं काळ्या पिशव्यांत ओळीने उभी. बाजूला जेवणाची तयारी चाललेली. लोखंडी शेगडीवर मक्याची कणसं भाजायला घेतली होती. पिवळं मशीन घरघरत होतं. बंगल्यांतली मंडळी टोप्या घालून आली होती.

आत्या पट्ट्याच्या मधोमध एका बुडख्यावर बसली होती. लाल फुलीवरच बसली होती म्हणा ना. हातात कोयता नाही, काठी नाही, नुसती मांडीवर एक गोणपाटाची पिशवी.

“बाई, बाजूला व्हा,” अध्यक्ष म्हणाला.

“सुरुवात याच्यापासूनच करा,” आत्या म्हणाली. “मी वजनाला फार नाही.”

मशीनवाला खाली उतरला. धिप्पाड गडी, पण त्याने एकदा आत्याकडे पाहिलं, एकदा बुडख्याकडे, आणि जाऊन किल्ली फिरवून मशीन बंद केलं. “साहेब, मला खोडं उपटायला बोलावलंय,” तो म्हणाला. “आज्या उपटायचं काही बोलणं झालं नव्हतं.”

गर्दीत हशा पिकला. अध्यक्षाचे कान लाल झाले. आत्या उठली, सरळ शेगडीपाशी गेली आणि तिथलं कोळशाचं पोतं उचलून बघितलं. पोत्यावर हिरवं पान छापलेलं. खाली बारीक अक्षरात देशाचं नाव, दोन समुद्र ओलांडून पलीकडचं. तिने आत हात घालून एक मोठा तुकडा काढला, मग आपल्या पिशवीतून एक काढला आणि दोन्ही त्या पांढऱ्याशुभ्र चादरीवर ठेवले. चादरीचं जे व्हायचं ते झालं.

“कोळसा झाला तरी लाकडाची वर्तुळं पुसली जात नाहीत,” ती म्हणाली. “हा माझा. मधोमध गाभा, बाहेर साल, अख्खं गोल लाकूड. मोजा. बारा वर्तुळं भरतील. म्हणजे बारा वर्षांचा फुटवा, मूळ शाबूत. आता हा तुमचा बघा. साल नाही, गाभा नाही, आणि वर्तुळं बघा कशी जवळजवळ सरळ चाललीत. एवढ्या तुकड्यात वळण दिसत नाही म्हणजे झाड केवढं असेल? चौघांनी हात धरले तरी कवेत न येणारं. ते काही परत फुटायला ठेवलं नसणार कोणी. ते मारलं, जाळलं, बोटीत घातलं आणि इथे आणलं, का, तर वृक्षारोपणाची कणसं भाजायला! आणि खुनी मी?”

टोपीवाल्या बाईने, तीच ती रडलेली, वाकून वर्तुळं मोजली. “बाराच आहेत,” ती हळूच म्हणाली.

“हे सगळं ठीक आहे,” अध्यक्ष म्हणाला. “पोतं कोणी आणलं ते मी बघतो. पण आदेश निघालाय. कारकून, आदेश वाचा.”

भाचा पुढे आला. काखेत तीन जाडजूड बाडं होती, त्यातल्या दोहोंच्या कडा उंदरांनी खाल्लेल्या. परवानगी घेतली होती की नाही, ते मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका.

“रस्त्याकडेचा पट्टा,” त्याने वाचायला सुरुवात केली. “चोवीस वर्षांपूर्वीची पाहणी. झाडं तोडली तीनशे एक्क्याण्णव. शेरा: सर्व मृत.” त्याने दुसरं बाड उघडलं. “तोच पट्टा. बारा वर्षांपूर्वी. तोडणीचा अर्ज...” इथे तो जरा अडखळला. “अर्ज माझ्या वडिलांच्या सहीचा. तोडणीआधी उभी झाडं तीनशे अठ्ठ्याऐंशी, सर्व जिवंत. तोडणीनंतर सर्व मृत. आणि हा या वर्षीचा, माझ्या हातचा. तीनशे सत्त्याऐंशी. मृत.” त्याने मान वर केली. “साहेब, ही झाडं याआधी दोनदा मेलेली आहेत. आपल्याच खात्याच्या शिक्क्यानिशी. आता तिसऱ्यांदा मेलीत. दोन मरणांच्या मधे प्रत्येक वेळी ती जिवंत कशी झाली, याचा खुलासा आपल्या दप्तरात कुठेच नाही.”

मशीनवाला एवढा हसला की त्याला चाकाचा आधार घ्यावा लागला.

अध्यक्षाने बाडं स्वतःच्या हातात घेतली. एकदा वाचली, दुसऱ्यांदा वाचली. माणूस प्रामाणिक होता, म्हणून त्याला वेळ लागला. “चोवीस वर्षांत चार कमी झालीत,” तो शेवटी म्हणाला. “तीन आधीच्या पाळीत, एक नंतर. ती कुठे गेली?”

“दोन विजेने गेली,” आत्या म्हणाली. “एक दरड खचली तेव्हा गेलं.”

“आणि चौथं?”

आत्याने तोंड उघडलं आणि मिटलं. तिने जमिनीकडे बघितलं. कोळसाआत्याला काही म्हणायचं नाही असा एक क्षण गावाने त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिला.

“महिनाभर थांबतो,” अध्यक्ष म्हणाला. “महिन्याने फेरपाहणी. फुटलं तर फुटलं. नाही फुटलं तर मशीन येईल, आणि मग बाई, तुम्ही बुडख्यावर बसा नाहीतर माझ्या डोक्यावर बसा, मी ऐकणार नाही.”

“कबूल,” आत्या म्हणाली. “आणि ती रोपं वाया घालवू नका. खाली बंगल्यांच्या फाटकांपाशी लावा. तिथे एकही झाड ठेवलेलं नाही कोणी.”

तो महिना आत्याने कसा काढला ते तिचं तिलाच ठाऊक. वर्षानुवर्षं तिने फुटवे बघितले होते, एकदाही शंका आली नव्हती. आणि आता रोज सकाळी उठून ती सालीवर बोट फिरवायची. थंडी लांबली होती. जीव नुसता टांगणीला. “यंदा नाटकं करू नका,” ती बुडख्यांना दम द्यायची. “माझी लाज राखा, नाहीतर एकेकाला बघून घेईन.”

चोविसाव्या दिवशी सालीखाली तांदळाच्या कणीएवढा लालसर फुगवटा आला. सत्ताविसाव्या दिवशी सगळा पट्टा फुटला. उभ्या रानात जिथे वर्षानुवर्षं ऊन पोचत नव्हतं, तिथली जमीनही जागी झाली. कुठल्या कुठल्या जुन्या बियांतून जांभळी फुलं वर आली, त्यांच्यावर मधमाश्या घोंघावू लागल्या. टोपीवाली बाई रस्त्यावर उभी राहून बघत होती. “मला वाटलं होतं...” ती म्हणाली. “वाटणारच,” आत्या म्हणाली. “या आत. पायाखाली बघून चाला.”

तिसाव्या दिवशी भाचा आला. फॉर्म आणला होता, आणि या वेळी डबा नव्हता. सकाळभर दोघांनी मोजलं. एकेक बुडखा, त्यावर लाल फुली, आणि फुलीच्या चारी बाजूंनी फुटलेले हिरवे कोंब. तीनशे सत्त्याऐंशीच्या तीनशे सत्त्याऐंशी. भाच्याने पट्टी काढली, पेनने तिसरा रकाना आखला आणि डोक्यावर लिहिलं: खोडवा.

“नोकरी?” आत्याने विचारलं.

“अध्यक्ष म्हणाले, आखा. आणि नसते म्हणाले तरी...” त्याने पट्टी खिशात घातली. “झालं ना सगळं? ‘मृत’मध्ये शून्य लिहितो.”

“थांब,” आत्या म्हणाली.

ती त्याला पट्ट्याच्या वरच्या टोकाला घेऊन गेली. तिथे शेवाळाचा एक उंचवटा होता, दगड वाटावा असा. तिने वाकून हाताने शेवाळ बाजूला केलं. खाली बुडखा होता. काळा, भुसभुशीत, बोट घातलं तर आत जाईल असा. त्यावर फुली नव्हती.

“घाव तिरका घालायचा असतो,” ती म्हणाली. “पाणी बाहेर ओघळलं पाहिजे. मागच्या पाळीला अर्जावर सही करून तुझा बाप गेला, आणि हा पट्टा मी एकटीने कापला. सगळी झाडं नीट कापली रे. हे त्याच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कापलं. डोळ्यांना दिसत नव्हतं, घाव सपाट बसला. पाणी साचलं. कुजलं.” तिने नाक पुसलं, गालावर काळा फराटा उठला. “चौथं हे. मी मारलं. त्या दिवशी सगळ्यांपुढे सांगवलं नाही.”

भाचा बुडख्यापाशी उकिडवा बसला. वडील गेल्यानंतर तो या रानात का आला नाही, हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. आत्याला ते आज न सांगता कळलं, आणि त्या दुःखात आपण एकटेच नव्हतो हे त्याला कळलं.

“सगळ्या जिवंतांवर फुल्या मारल्यास,” आत्या म्हणाली, “आणि मेलेलं एकच होतं, ते तुला दिसलं नाही. लिही. ‘मृत’मध्ये एक लिही. खोटा कागद नको मला.”

त्याने एक लिहिलं. मग पेन खिशात ठेवलं आणि विचारलं, “पुढच्या पाळीला तू पंचाहत्तरची असशील. कापणार कोण?”

“मीच कापणार! मला कुठल्या रकान्यात घातलंस तू?” आत्या कडाडली. मग कमरेचा कोयता काढून तिने त्याच्या हातात दिला. “आणि हात थरथरायला लागले तर तू आहेस. धर नीट, मेल्या. तिरका घाल.”